विश्लेषण : ओळखपत्र खरे, पण दार दुसऱ्याचे! मायक्रोसॉफ्टच्या ‘एंट्रा आयडी’तील त्रुटी इतकी गंभीर का ठरली?

सकाळी लॅपटॉप उघडायचा, पासवर्ड टाकायचा, मोबाइलवर आलेली सूचना मंजूर करायची. त्यानंतर ईमेल, टीम्स, कार्यालयीन फाइली, रजेचा अर्ज अशी सगळी दारे एकामागोमाग उघडतात. जगभरातील कोट्यवधी नोकरदारांचा दिवस असा सुरू होतो. या सगळ्या दारांच्या चाव्या ज्या यंत्रणेकडे आहेत, तिथेच चूक राहिली तर काय होईल? जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘एंट्रा आयडी’ या ओळख व्यवस्थापन सेवेत अशीच एक त्रुटी सापडली. एका संशोधकाने ती वेळेत कळवली आणि कंपनीने तीन दिवसांत ती दूरही केली. मात्र तिचे तपशील बाहेर आल्यावर सायबर सुरक्षा क्षेत्र हादरले. ही त्रुटी नेमकी काय होती, ती इतकी गंभीर का मानली गेली आणि भारतातील संस्थांनी त्यातून काय घ्यावे, याचा आढावा.

नेमके काय आढळले?

नेदरलँड्समधील सुरक्षा संशोधक डर्क-यान मोलेमा ऑगस्ट २०२५ मध्ये होणाऱ्या ‘ब्लॅक हॅट’ आणि ‘डेफ कॉन’ या परिषदांतील व्याख्यानांची तयारी करत होते. त्यासाठी स्वतःच्या चाचणी खात्यात प्रयोग करताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. त्यांच्या खात्यात तयार झालेले एक अंतर्गत टोकन, म्हणजे संगणकीय प्रवेशपत्र, वापरून दुसऱ्याच संस्थेच्या खात्यातील माहिती मिळत होती. एवढेच नव्हे, तर त्या संस्थेच्या सर्वोच्च प्रशासकाचे सोंगही घेता येत होते. १४ जुलै रोजी त्यांनी मायक्रोसॉफ्टला ही बाब कळवली. १७ जुलैपर्यंत कंपनीने दुरुस्ती लागू केली. ४ सप्टेंबर रोजी या त्रुटीला ‘सीव्हीई-२०२५-५५२४१’ हा अधिकृत क्रमांक मिळाला आणि १७ सप्टेंबर रोजी मोलेमा यांनी सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. गांभीर्याच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण देण्यात आले. तिचा कोणी गैरवापर केल्याचा पुरावा आढळला नाही, असे मायक्रोसॉफ्टने म्हटले आहे.

‘एंट्रा आयडी’चे काम काय?

२०२३ पर्यंत ही सेवा ‘अझूर अॅक्टिव्ह डिरेक्टरी’ या नावाने ओळखली जात असे. कंपनी, बँक, विद्यापीठ वा सरकारी कार्यालयातील कोण कोण कर्मचारी आहेत, कोणाला कोणती फाइल उघडता येईल, कोणते अॅप वापरता येईल, नोकरी सोडल्यावर कोणाचा प्रवेश बंद करायचा, हे सारे ती ठरवते. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या मागे हीच सेवा उभी असते. इतर कंपन्यांची अनेक सॉफ्टवेअरही लॉगिनसाठी तिच्यावर विसंबतात.

या सेवेत प्रत्येक संस्थेला एक स्वतंत्र कप्पा मिळतो. तांत्रिक भाषेत त्याला ‘टेनन्ट’ म्हणतात. एकाच मोठ्या इमारतीत शेकडो भाडेकरू असावेत, पण प्रत्येकाचे दार आणि कुलूप वेगळे असावे, तशी ही रचना. प्रत्येक कप्प्याचा एक किंवा काही ‘ग्लोबल अॅडमिन’ असतात. त्यांना नवे खाते उघडणे, पासवर्ड बदलणे, कोणालाही कोणताही अधिकार देणे शक्य असते. एका कप्प्यातून दुसऱ्यात परवानगीशिवाय जाता येणार नाही, या एका गृहीतकावर हा सगळा डोलारा उभा आहे. जुलैमध्ये जी त्रुटी सापडली, तिने नेमके हेच गृहीतक खोटे ठरवले.

ओळख पटणे आणि अधिकार असणे यांत फरक काय?

कोणत्याही प्रवेश व्यवस्थेत दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, तुम्ही कोण? दुसरा, तुम्हाला इथे काय करण्याची मुभा आहे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला ‘ऑथेंटिकेशन’, म्हणजे ओळख पडताळणी म्हणतात. दुसऱ्याला ‘ऑथोरायझेशन’, म्हणजे अधिकार पडताळणी. बँकेत लॉकर असलेल्या ग्राहकाची ओळख पटली म्हणून त्याला शेजारच्या ग्राहकाचे लॉकर कोणी उघडू देत नाही. तिथे दुसरी तपासणी वेगळी होते.

सर्वसामान्यांच्या चर्चेत भर असतो तो पहिल्या प्रश्नावर. पासवर्ड अवघड ठेवा, ओटीपी कोणाला सांगू नका, बोटाचा ठसा वापरा, या साऱ्या सूचना ओळख पडताळणीच्या आहेत. प्रत्यक्षात दुसऱ्या तपासणीतील चुका अधिक आढळतात. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेने २०२१ च्या यादीत प्रवेश नियंत्रणातील ढिलाईला पहिल्या क्रमांकाचा धोका ठरवले. २०१७ च्या यादीत हाच धोका पाचव्या क्रमांकावर होता.

मग चूक नेमकी कुठे होती?

दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे ‘अॅक्टर टोकन’. मायक्रोसॉफ्टच्या सेवांना एकमेकींशी बोलावे लागते. उदाहरणार्थ, ईमेल सांभाळणाऱ्या एक्स्चेंजला एखाद्या कर्मचाऱ्याच्या वतीने शेअरपॉइंटमधून काही हवे असते. त्यासाठी कंपनीने फार पूर्वी एक अंतर्गत प्रवेशपत्र तयार केले होते. ते हाती असले की ‘मी अमुक वापरकर्त्याच्या वतीने आलो आहे’ असे सांगता येते. मात्र तो अमुक वापरकर्ता कोण, हे लिहिलेल्या बाहेरच्या भागावर कोणाचीही डिजिटल स्वाक्षरी नसे. त्यामुळे तिथले नाव बदलणे सोपे होते. हे प्रवेशपत्र २४ तास चालत असे आणि तोवर ते रद्द करण्याची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘अझूर एडी ग्राफ’ हा जुना दुवा. एंट्रा आयडीतील माहिती वाचण्या-बदलण्यासाठी इतर प्रणाली या दुव्याचा वापर करत. अॅक्टर टोकन समोर आल्यावर ते खरे आहे की नाही, हे हा दुवा तपासत होता. पण ते कोणत्या संस्थेच्या कप्प्यातून आले आहे, हे नीट तपासत नव्हता.

एखाद्या सोसायटीच्या दारावरचे उदाहरण घेता येईल. एकच सुरक्षा एजन्सी शहरातील शंभर सोसायट्यांना पास छापून देते. एका सोसायटीतील रहिवासी दुसऱ्या सोसायटीच्या गेटवर येतो. वॉचमन पासवरचा एजन्सीचा शिक्का पाहतो, तो खरा असतो. पण पास कोणत्या सोसायटीचा, हे तो पाहत नाही. फ्लॅट क्रमांकाची जागा तर पास घेणाऱ्यानेच पेनाने भरायची असते. आलेला माणूस तिथे थेट सोसायटीच्या अध्यक्षांचा फ्लॅट क्रमांक लिहितो आणि आत जातो. शिक्का बनावट नाही, कुलूप तोडलेले नाही, वॉचमन झोपलेलाही नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा राहून गेला.

हल्ल्यासाठी कशाकशाची गरज होती?

फारशी नाही, हीच चिंतेची बाब होती. हल्लेखोराला स्वतःचे एक साधे चाचणी खाते पुरले असते. लक्ष्य असलेल्या संस्थेचा कप्पा क्रमांक तिच्या वेबसाइटच्या नावावरून उघडपणे शोधता येतो. त्यानंतर त्या संस्थेतील एखाद्या वापरकर्त्याचा अंतर्गत क्रमांक हवा. हे क्रमांक पूर्णतः अनियमित नसल्याने वारंवार प्रयत्न करून ते हाती लागणे शक्य होते.

त्याहून सोपा मार्ग ‘पाहुण्या’ खात्यांचा होता. अनेक कंपन्या पुरवठादार, सल्लागार, लेखापरीक्षक यांना आपल्या प्रणालीत पाहुणे म्हणून प्रवेश देतात. अशा पाहुण्याच्या नोंदीत त्याच्या मूळ संस्थेतील अंतर्गत क्रमांकही साठवलेला असतो. म्हणजे एका कंपनीत शिरता आले की तिथल्या पाहुण्यांच्या यादीवरून दुसऱ्या कंपन्यांत, तिथून आणखी पुढच्या कंपन्यांत उडी मारता आली असती. या साखळीने काही मिनिटांत बहुतांश संस्थांपर्यंत पोहोचता आले असते, असे मोलेमा यांचे निरीक्षण आहे. काही देशांच्या सरकारांसाठी वेगळे ठेवलेले ‘नॅशनल क्लाउड’ बहुधा या धोक्यापासून दूर राहिले असते, असेही त्यांनी नमूद केले.

१० पैकी १० गुण कशासाठी?

याची तीन कारणे आहेत. पहिले, आवाका. सर्वोच्च प्रशासकाचे सोंग घेता आले की त्या संस्थेचे ईमेल, फाइली, क्लाउडवरील सर्व्हर असे सगळेच हाती येते. नवा प्रशासक नेमून मूळ दुरुस्तीनंतरही आत राहता येते. नुसते वाचायचे म्हटले तरी वापरकर्त्यांची वैयक्तिक माहिती, गट, अधिकार, सुरक्षेचे नियम आणि लॅपटॉपचे कूटबद्ध साठे उघडणाऱ्या ‘बिटलॉकर’च्या चाव्यादेखील दिसू शकत होत्या.

दुसरे, संस्थेने केलेली तटबंदी इथे निरुपयोगी होती. ओटीपी, ठरावीक देशातूनच प्रवेश, कार्यालयाच्याच लॅपटॉपवरून लॉगिन, असे नियम ‘कंडिशनल अॅक्सेस’ या सुविधेद्वारे लावले जातात. अॅक्टर टोकन अंतर्गत वापराचे असल्याने ते या नियमांच्या कक्षेतच येत नव्हते. सगळ्या सूचना काटेकोर पाळणारी संस्था आणि काहीच न करणारी संस्था, दोघीही सारख्याच उघड्या होत्या.

तिसरे कारण सर्वांत बोचरे आहे. या प्रकारात मागे माग राहत नव्हता. अॅक्टर टोकन दिल्याची नोंद होत नव्हती. त्याद्वारे माहिती वाचली गेली तर लक्ष्य झालेल्या संस्थेच्या नोंदवहीत त्याचीही ओळ उमटत नव्हती. काही बदल केला तर नोंद होत असे. पण ती ज्याचे सोंग घेतले त्या प्रशासकाच्या खात्यावर. सोबत एक्स्चेंजसारख्या मायक्रोसॉफ्टच्याच सेवेचे नाव दिसे. ही विसंगती जाणकाराला खटकली असती, इतरांच्या नजरेतून ती सहज निसटली असती. गैरवापर झाल्याचा पुरावा नाही, या मायक्रोसॉफ्टच्या निर्वाळ्याकडे याच संदर्भात पाहावे लागते. तो कंपनीच्या अंतर्गत नोंदींवर आधारलेला आहे. ग्राहक संस्थेला आपल्या बाजूने त्याची पूर्ण खातरजमा करण्याचा मार्ग नाही.

हे पहिल्यांदाच घडले का?

नाही. २०२३ च्या मे-जूनमध्ये चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या ‘स्टॉर्म-०५५८’ या गटाने मायक्रोसॉफ्टची एक स्वाक्षरी-चावी मिळवली. ती २०१६ मध्ये तयार झालेली, वैयक्तिक खात्यांसाठीची चावी होती. पण तिने सही केलेली प्रवेशपत्रे कार्यालयीन ईमेलसाठीही ग्राह्य धरली जात होती. तिथेही शिक्का तपासला गेला, तो कोणत्या कामासाठीचा हे तपासले गेले नाही. अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो यांच्यासह ५०० हून अधिक व्यक्तींची ईमेल खाती उघडली गेली. एकट्या परराष्ट्र खात्याचे सुमारे ६० हजार ईमेल गेले. हा प्रकार उघड झाला तोही परराष्ट्र खात्याने जादा पैसे मोजून घेतलेल्या नोंदींमुळे. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने एप्रिल २०२४ च्या अहवालात हा हल्ला टाळता आला असता, असा ठपका ठेवला.

ओख्टा या दुसऱ्या मोठ्या ओळख व्यवस्थापन कंपनीत वेगळाच घोळ झाला. जुलै ते ऑक्टोबर २०२४ या काळात तिच्या एका सुविधेत युजरनेम ५२ वा त्याहून अधिक अक्षरांचे असेल, तर काही विशिष्ट परिस्थितीत पासवर्ड न तपासताच प्रवेश मिळू शकत होता. कारण क्षुल्लक होते. वापरकर्ता क्रमांक, युजरनेम आणि पासवर्ड जोडून त्याचे गुप्त रूप तयार करणारी पद्धत फक्त पहिले ७२ बाइट विचारात घेत असे. नाव लांब असले की पासवर्ड त्या मर्यादेच्या पलीकडे जाई.

ओरॅकलच्या ‘आयडेंटिटी मॅनेजर’मधील त्रुटी तर आणखी साधी होती. वेबपत्त्याच्या शेवटी ठरावीक अक्षरे जोडली की ही केवळ सेवेची माहिती देणारी, सर्वांसाठी खुली विनंती आहे, असे प्रणालीला वाटे आणि ती लॉगिन न मागता आत सोडे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिची दुरुस्ती आली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटींच्या यादीत तिचा समावेश केला.

जुने दुवे इतकी वर्षे का राहतात?

अझूर एडी ग्राफ हा दुवा टप्प्याटप्प्याने बंद केला जाईल, असे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच जाहीर केले होते. त्याच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट ग्राफ’ हा नवा दुवा आला. तरीही जुन्याची मुदत वाढत गेली, कारण जगभरातील असंख्य संस्थांची सॉफ्टवेअर त्यावर चालत होती. दुवा तोडला तर कुठेतरी पगार अडकणार, कुठेतरी लॉगिन थांबणार. त्यामुळे जुना दरवाजा वापरात राहतो, पण त्याच्याकडे लक्ष देणारी माणसे नव्या कामाला लागलेली असतात. स्टॉर्म-०५५८ प्रकरणानंतर मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सिक्युअर फ्युचर इनिशिएटिव्ह’ हा सुरक्षेला प्राधान्य देणारा कार्यक्रम जाहीर केला. जुन्या पद्धती काढून टाकण्याचे काम त्याअंतर्गत वेगाने केले जात असल्याचे कंपनी सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये या जुन्या दुव्यासाठी ग्राहकांच्या खात्यातून अॅक्टर टोकन मिळवण्याची वाटही बंद करण्यात आली.

भारतात काय स्थिती?

अधिकार पडताळणीतील चुकीचा अनुभव भारतालाही आहे. २०२० मध्ये ‘डिजिलॉकर’मध्ये अशी त्रुटी आढळली होती, की एका खात्याचा ओटीपी देऊन दुसऱ्याच्या खात्यात शिरता आले असते. त्यावेळी या सेवेचे ३ कोटी ८० लाखांच्या आसपास वापरकर्ते होते. संशोधकांनी कळवल्यावर ती दूर करण्यात आली.

एकाच पुरवठादारावरील अवलंबित्वाची दुसरी बाजू जुलै २०२५ मध्येच दिसली. युरोपीय महासंघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा अचानक थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. हा त्रुटीचा प्रकार नव्हता. पण सगळ्या चाव्या एकाच्या हाती असण्याचा अर्थ त्यातूनही कळला.

कायद्याच्या बाजूने पाहता, ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना समजल्यापासून सहा तासांत कळवणे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहितीच्या सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहितीवर प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडून करून घेतली, तरी जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख तरतुदी १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. पेच इथेच आहे. ज्या घटनेची नोंदच संस्थेकडे उमटत नाही, ती सहा तासांत कळवायची कशी? आणि ज्या कुलपाची रचना पूर्णपणे पुरवठादाराच्या हाती आहे, त्याच्या चुकीचा दंड ग्राहक संस्थेने भरायचा का? या प्रश्नांची उत्तरे आज तरी बव्हंशी दोघांमधील कराराच्या मजकुरावर अवलंबून आहेत आणि लहान संस्थांना तो मजकूर बदलून घेण्याइतकी ताकद नसते.

संस्था आणि वापरकर्त्यांनी काय करावे?

एंट्रा आयडीतील त्रुटी मायक्रोसॉफ्टने आपल्या बाजूने दुरुस्त केल्याने ग्राहकांना वेगळे काही बसवण्याची गरज नाही. पण पुढची त्रुटी सापडेल तेव्हा नुकसान मर्यादित राहावे, यासाठी काही गोष्टी संस्थांच्या हाती आहेत. सर्वोच्च प्रशासकांची संख्या मोजकी ठेवणे. काम संपलेल्या पाहुण्यांची खाती वेळोवेळी काढून टाकणे. प्रशासकाच्या नावावर झालेल्या प्रत्येक बदलाची त्याच्याकडूनच खातरजमा करून घेणे. नोंदींची प्रत पुरवठादाराच्या प्रणालीबाहेर ठेवणे. जुन्या दुव्यांवर चालणारी सॉफ्टवेअर शोधून बदलणे. आणि नव्या करारात घटना कळवण्याची मुदत व नोंदी मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहून घेणे. ओरॅकलसारखी, स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना मात्र दुरुस्ती स्वतःच बसवावी लागते. तिथे उशीर म्हणजे थेट धोका.

सामान्य वापरकर्त्याला अशा त्रुटीपुढे करण्यासारखे फार काही नसते. पासवर्ड आणि ओटीपीची काळजी घेणे आवश्यकच आहे, कारण रोजच्या बहुतेक फसवणुकी तिथूनच होतात. मात्र माहिती फुटल्यावर ‘ग्राहकाने काळजी घेतली नसावी’ असे उत्तर मिळाले, तर दुसरा प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क आहे : ओळख तर पटवली होती, अधिकार कोणी तपासला?